सत्तावीस पौंडांची जाळी

माझी मुलगी बरीच वर्षं असं धरून चालली होती की तिच्या हातात जोर नाही. बरणीचं झाकण घट्ट बसलं की ती बरणी निमूटपणे माझ्यापुढे सरकवायची. गॅसची टाकी हलवायची असली की म्हणायची, "बाबा आल्यावर बघू, मला नाही जमणार." कॉलेजच्या बॅडमिंटन संघात नाव दे म्हणून एका मैत्रिणीनं गळ घातली, तर हसून म्हणाली, "अगं, माझं शटल अर्ध्यातच पडतं." चष्म्याचा नंबर सांगावा तितक्या सहज. अशा वेळी मी ओट्याकडे तोंड करून काहीतरी शोधत असल्यासारखी उभी राहायची. कारण तिच्या हातात जोर होता. तो नाही असं तिला वाटावं, ही करणी माझी होती.

मी फार बोलणारी बाई नाही. वर्गात बोलते तेवढंच. इथल्या एका इंजिनियरिंग कॉलेजात मी पदार्थांचा ताण आणि बळ शिकवते. तारेला वजन टांगलं की ती किती लांबते, वजन काढलं की किती मागे येते, आणि कुठल्या वजनापुढे ती परत पहिल्यासारखी होत नाही. तेव्हा दरवर्षी पहिल्या तासाला मी एक प्रश्न टाकायची: रबर आणि पोलाद, यांत जास्त लवचीक कोण? सगळा वर्ग रबर म्हणायचा. मग मी सांगायची, पोलाद. जो पदार्थ ओढणाऱ्याला जास्त विरोध करतो आणि सोडल्यावर अचूक मूळ जागी येतो तो आमच्या शास्त्रात जास्त लवचीक. पोरं चकित व्हायची आणि मला दरवर्षी तेवढाच आनंद व्हायचा. नवरा म्हणायचा, "या बाईला घरातलं सगळं पोलादाचं पाहिजे. पोळ्यासुद्धा." त्याच्या थट्टेत तथ्य होतं. कडक ते चांगलं, अशी माझी एक समजूत होऊन बसली होती आणि शास्त्र शिकवता शिकवता ती शास्त्राचीच आहे असं मला वाटायला लागलं होतं.

मुलगी तेव्हा शाळेत होती आणि बॅडमिंटन खेळायची. या शहरात ज्या घरात पोर जरा चपळ निघतं त्या घराची पहाट अकादमीत जाते. आम्ही विद्यानगरला राहतो. उजाडायच्या आत स्कूटरवर तिला मागे बसवायचं, तिनं माझ्या पाठीवर डोकं टेकून उरलेली झोप पुरी करायची, आणि कोर्टवर पाय ठेवला की ती वेगळीच पोर व्हायची. तिचा टॉस फार सुंदर होता. टॉस म्हणजे शटल उंच उडवून समोरच्याच्या डोक्यावरून थेट मागच्या रेषेजवळ टाकायचं. तिचं शटल छताच्या दिव्यांपर्यंत जाऊन सरळ खाली पडायचं. तिचे सर तेलुगू, कमी बोलणारे. ते इतर पालकांना मान हलवून दाखवायचे, "पाहा, हा टॉस."

माझं समाधान मात्र होत नव्हतं. टॉस ठीक, पण तिच्या स्मॅशला धार नाही असं मला वाटायचं. मोठ्या मुलांच्या रॅकेटची जाळी मी बोटानं वाजवून बघितली होती. ती टणटण वाजायची. हिची जाळी मऊ, खाटेच्या नवारीसारखी. रॅकेटला नवी तार ओवून ताणण्याला इथं गटिंग म्हणतात आणि तारेला गट. हिचं गट बावीस पौंडांवर ताणलेलं असायचं, कारण सरांनी तसं सांगितलं होतं आणि तिला ते आवडायचं. मोठी मुलं सत्तावीस-अठ्ठावीसवर खेळायची.

मग मी जे केलं ते बाकी कुठल्या आईला सुचलं नसतं. गटाचा उरलेला एक तुकडा मी कॉलेजात नेला. प्रयोगशाळेत प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओढून बघायचं छोटं यंत्र आहे, त्याच्या चिमट्यात तो धरला आणि ओढला. पडद्यावर रेघ सरळ वर गेली. बावीसला सरळ, सत्तावीसला सरळ, त्याच्याही बऱ्याच पुढे सरळ. मग ताण सोडला, रेघ खाली आली. जाताना आणि येताना ती अगदी एकाच वाटेनं गेली नाही, दोन रेघांमध्ये बारीकशी फट राहिली. ती मला दिसली. नायलॉन म्हटलं की तेवढं चालायचंच, म्हणून मी ती सोडून दिली. मला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं: गट सत्तावीस आरामात झेलतं, तुटत नाही. ते झेलणाऱ्या गटामागे एक मनगट आहे आणि त्यामागे चौदा वर्षांच्या मुलीचा खांदा आहे, हे त्या यंत्रात बसणारं नव्हतं.

तिला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती. तिला रॅकेटच्या बाबतीत काहीही बदललेलं चालायचं नाही, मुठीची पट्टीसुद्धा ती जुन्यासारखीच मागायची. मग मी ठरवलं की तिला सांगायचंच नाही. आमच्या विद्येत याला मानसुद्धा आहे. ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्याला तो माहीत नसला तर निकाल निर्मळ येतो. दोन महिने बघू, स्मॅश सुधारला की हसत हसत सांगू, असा माझा बेत होता. पोटच्या पोरीवर प्रयोग करतेय, हे वाक्य त्या वेळी मनात आलं नाही. आलं असतं तर थांबले असते की नाही, तेही मला ठाऊक नाही.

हिमायतनगरच्या एका गल्लीत गटिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, एक यंत्र आणि एक बाक. चाचा दिवसभर तोंडात सुपारी ठेवून तार ओढत बसतो. मी रॅकेट दिलं आणि सत्तावीस म्हणाले.

"बच्ची का है ना ये?" त्यानं मुठीवरची गुलाबी पट्टी बघून विचारलं.

"हौ. सत्ताईस करो. और उसकू बताना नक्को."

"अरे मॅडम, बच्ची कू क्या पहेलवान बना रैं?" तो हसला. "मेरेकू क्या, तुम बोले वैसा कस देतूं. बाद में मेरेकू नक्को बोलो."

मी नाही बोलले. कोणालाच नाही बोलले.

पहिल्या दिवशी तिनं रॅकेट हातात घेतलं, दोन फटके मारले आणि जाळीकडे बघितलं. "आई, हे वेगळं लागतंय." मी म्हणाले, "नवं गट आहे, सैल पडेल." तिनं मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला, इतकंच.

टॉस आखूड पडायला लागला. आधी मागच्या रेषेच्या वीतभर अलीकडे, मग हातभर, मग थेट कोर्टाच्या मधोमध. समोरची मुलगी वाट बघत उभी राहायची आणि ते उंच, आयतं शटल खाली बडवायची. सर कडेनं ओरडायचे, "गट्टिगा कोट्टम्मा, गट्टिगा." जोरात मार, जोरात. तीही जोरात मारायची. जितकं शटल आखूड पडायचं तितका ती खांदा जास्त मागे ओढायची. मी बाकावर बसून बघायची आणि स्वतःला सांगायची, सवय व्हायला वेळ लागतो.

मग एके संध्याकाळी तिला केस विंचरायला हात वर करता येईना.

तेव्हापासून आमच्या घरात गरम पाण्याची रबरी पिशवी सुरू झाली. ती पलंगावर पालथी पडायची, मी तिच्या खांद्यावर पिशवी फिरवायची. ती उशीत तोंड घालून बोलायची, "आई, मी रोज जास्त पुश-अप्स मारते. तरी हात मेल्यासारखाच. माझ्यातच काहीतरी कमी आहे का ग?" मी म्हणायची, "नाही ग, वाढीचं वय आहे." एवढंच बोलायची. पिशवी गार झाली की उठून पाणी बदलून आणायची.

तोवर मला खरंच कळलेलं नव्हतं, असं मी स्वतःला बजावत असे. पण कधी कळलं तेही मला नक्की आठवतं. वर्गात स्प्रिंगचा धडा चालू होता. मी फळ्यावर दोन स्प्रिंग काढल्या, एक कडक, एक मऊ. विचारलं, दोन्ही सारख्याच जोरानं दाबल्या तर ऊर्जा जास्त कुठे साठेल? पुढच्या बाकावरून दोघं-तिघं एकदम म्हणाले, "मऊ." बरोबर होतं. मऊ स्प्रिंग जास्त नमते, म्हणून जास्त साठवते आणि सोडल्यावर जास्त परत देते. कडक स्प्रिंग नमतच नाही. मग नमायचं काम तिच्या मागच्याला आणि पुढच्याला करावं लागतं. मी हे वर्षानुवर्षं शिकवत होते. त्या दिवशी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि मला फळ्यावर रॅकेट दिसलं. बावीसची जाळी नमून शटलला परत फेकत होती, म्हणून तिचा टॉस दिव्यांपर्यंत जायचा. सत्तावीसची जाळी नमत नव्हती. तिच्या वाट्याचं नमणं माझ्या मुलीचा खांदा करत होता.

जिल्ह्याच्या संघासाठी निवडीचा सामना तेव्हा जवळ आला होता. त्याच दिवशी कॉलेजातून मी परस्पर हिमायतनगरला गेले. तिच्या नकळत पुन्हा बावीस करून आणायचं, एवढंच मनात. सांगायचं मनात नव्हतं, हेही लिहून ठेवते. शुक्रवारची दुपार होती, चाचा नमाजाला गेलेला, दुकान बंद. मी त्या बंद फळीसमोर उभी राहिले आणि मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेच वाटलं होतं. मग डोक्यात कारणं यायला लागली. सामना तोंडावर आलाय, आता गट बदललं तर तिची लय बिघडेल. खेळाडू असंच म्हणतात. मी घरी आले आणि पिशवीत गरम पाणी भरलं.

सामन्यात ती हरली. वाईट हरली. शेवटी शेवटी ती टॉस मारायचं सोडूनच देत होती. शटल मागे आलं की कसंतरी नेटपलीकडे ढकलायची. सर माझ्याजवळ आले, तीही घाम पुसत तिथेच उभी होती, आणि हळू आवाजात म्हणाले, "पिल्ला मंचिदे, मॅडम. चेतिलो बलम लेदु." पोरगी चांगली आहे, हातात बळ नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य तिला इतकं खरं वाटलं असावं. मी तेव्हा तिथे होते. मला एक वाक्य बोलायचं होतं, सगळ्यांना समजणाऱ्या कुठल्याही भाषेत. मी तिची बॅग उचलली.

घरी आल्यावर तिनं रॅकेट कव्हरात घातलं आणि माळ्यावर टाकायला बाबांच्या हातात दिलं. रडली वगैरे नाही. खांदा यथावकाश बरा झाला. अभ्यासात बरी होती, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. तिनं खेळ सोडला याचं मला दुःख नव्हतं असं नाही, पण पोरं खेळ सोडतातच. तिनं स्वतःबद्दल एक मत करून घेतलं आणि ते मत माझ्या हातचं होतं, हे मात्र गिळता येत नव्हतं. त्यानंतर मी वर्गात पोलादाचा प्रश्न विचारायचं बंद केलं. तेवढ्यानं काय होणार होतं.

आता ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. या उन्हाळ्यात सोसायटीच्या हॉलमध्ये पोरींनी नेट लावलं आणि चौथा गडी हवा म्हणून हिला ओढून नेलं. तिनं माळ्यावरून रॅकेट काढलं. मी बोटानं त्याची जाळी वाजवून बघितली. आवाज बसका झाला होता. नायलॉन ताणून ठेवलं की ते स्वस्थ बसत नाही, रोज कणाकणानं सैल पडत जातं. यंत्रावर मी जी फट सोडून दिली होती ती याचीच खूण होती. सत्तावीसचं इतक्या वर्षांत उतरत उतरत कुठल्या कुठे आलं होतं.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. "आई, टॉस गेला. पार मागे. भिंतीला लागला ग." पाणी पिता पितासुद्धा तिचा हात हवेत फिरत होता. पुढचे काही दिवस ती रोज गेली. जेवताना पूर्वीसारखी बोलायला लागली. मला वाटलं, झालं. कोणी काही न बोलता सुटलं. गटानं आपणहून ताण सोडला तसं.

मग गट तुटलं. तसंही ते जुनाट झालं होतं. ती तुटकी जाळी मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या बाबांना सांगत होती, "हातात जोर तेव्हाही होता हो बाबा. तेच रॅकेट, तेच गट, मग आता कसं जातंय? मीच मनानं कच्ची होते. सामन्याचं नाव काढलं की घाबरून हात आखडता घेत असणार. लहानपणापासून भित्रीच मी."

बाबा म्हणाले, "असेल."

मी ताट उचलून आत गेले. आधी तिच्या हाताला दोष होता, आता तिनं तो मनावर नेऊन ठेवला होता. ही अशीच शोधत राहणार, आणि दर खेपेला दोष तिच्यातच सापडणार, कारण दुसरीकडे शोधायला तिला कोणी जागाच दाखवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती गटिंगला निघाली तेव्हा मीही येते म्हणाले. तिला नवल वाटलं. चाचा तिथेच होता, दाढी पांढरी झालेली. तिनं रॅकेट दिलं, "बाईस, चाचा." त्यानं ओळख दाखवली नाही. फ्रेम यंत्रावर चढवली आणि गट ओवायला लागला. आम्ही बाकावर बसलो.

मी म्हणाले, "तेव्हा ते बावीस नव्हतं."

"काय?"

"तुझं गट. शेवटचं. मी सत्तावीस करून आणलं होतं. तुला न सांगता."

ती बाकावरच माझ्याकडे वळली. मग मी सगळं सांगितलं, यंत्रावर ओढलेल्या तुकड्यापासून. जाळी नमते तेव्हाच परत देते, हेही सांगितलं. मी वर्गातल्यासारखी बोलतेय हे माझ्याच लक्षात आलं आणि मी थांबले. तिला ते शास्त्र नकोच होतं.

"खांदा दुखत होता," ती म्हणाली. "तू शेकायचीस. तेव्हा माहीत होतं तुला?"

नाही म्हणायला थोडी जागा होती. सुरुवातीला नव्हतं माहीत, ते खोटं झालं नसतं.

"आधी नाही. नंतर होतं," मी म्हणाले. "सामन्याच्या आधी कळलं होतं. तरी नाही बोलले. सत्तावीसचं आहे, एवढंच सांगायचं होतं."

आमचं मराठी चाचाला फारसं कळत नसावं, पण आकडा कळला. त्यानं मान वर केली. "सत्ताईस बोले क्या? सत्ताईस करूं?"

"नक्को, चाचा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "बाईस. और इसके बाद मेरेकूच पूछना. कोई बी आको कुछ बी बोले, मेरेकूच."

"हौ बेटा," तो म्हणाला आणि माझ्याकडे एकदा बघून परत तार ओढायला लागला. ओळखलं असावं त्यानं.

गट एकेक ओळीनं ताणलं जात होतं. आम्ही दोघी बघत होतो. पुरं झाल्यावर तिनं जाळी तळहातानं दाबून बघितली, सोडली, परत दाबली. स्कूटर तिनं चालवली, मी मागे बसले. नारायणगुड्याच्या सिग्नलला ती पुढे बघतच म्हणाली, "बाबांना तू सांगायचंस. आणि सरांना पण."

"सरांना आता काय आठवत असणार?"

"मला आठवतं ना."

बाबांना त्याच दिवशी जेवण झाल्यावर सांगितलं. ते उठून तिच्या खोलीत गेले. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारलं नाही. माझ्याशी ती बोलते, पण मोजकं, कामापुरतं. परवा लोणच्याची बरणी माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच उघडली. झाकण ओट्यावर ठेवलं आणि निघून गेली.

आज पहाटे आम्ही अकादमीत आलो. ती बाहेर स्कूटरवरच बसून राहिली, आत यायचं नाही म्हणाली. सर थकलेत, पण कोर्टाच्या कडेला तसेच उभे असतात, हात मागे बांधून. नव्या पोरांची रॅली चालली होती. माझं तेलुगू बाजारापुरतं आहे, म्हणून येताना वाटेत मी वाक्यं जुळवत आले होते. त्या पोरीच्या हातात बळ होतं. चूक माझी होती. तप्पु नादि.

रॅली लांबली. मी बाकाशी उभीच राहिले, बसले नाही. शटल खाली पडलं, तसे सर वळले आणि मला बघून डोळे बारीक केले, कोण म्हणून.

मी बोलायला लागले.